चित्राच्या पाठीवरची बातमी

मंडळी, जुन्या सचित्र वृत्तपत्रांचा संग्रह म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंकातून कापून भिंतीवर चौकटीत लावलेलं एखादं चित्र येतं. मी आज त्या चित्राच्या पाठीबद्दल बोलणार आहे. तिथे अर्धवट तुटलेली बातमी असते. तिचा उरलेला भाग ज्या पानावर होता, ते पान बहुतेक वेळा कुणीतरी टाकून दिलेलं असतं. मला याचं मनापासून दुःख होतं, म्हणून संग्रह करायचा तो सबंध अंकांचा, हे मी आग्रहाने सांगतो.

‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक १४ मे १८४२ रोजी निघाला. हर्बर्ट इन्ग्रम हा त्याचा संस्थापक. सोळा पानं, बत्तीस चित्रं, किंमत सहा पेन्स. त्या अंकात हॅम्बुर्ग शहराच्या भीषण आगीचं चित्र होतं. आग पाहायला कुणी चित्रकार गेलाच नव्हता. ब्रिटिश म्युझियममधलं शहराचं एक जुनं चित्र घेतलं आणि त्यावर ज्वाळा नि धूर चढवला! चित्र एकटं पाहिलं तर ते डोळ्यांदेखत काढल्यासारखं वाटतं. शेजारचा मजकूर वाचला, की संपादकाला काय कळलं होतं आणि चित्रकाराने काय रचलं, हे तपासता येतं.

पुढच्याच वर्षी पॅरिसला ‘लिलुस्त्रासियों’ आणि लाइपत्सिगला ‘इलुस्त्रिर्ते त्सायटुंग’ सुरू झालं. अमेरिकेत फ्रँक लेस्ली यांचं साप्ताहिक १८५५ मध्ये निघालं, ‘हार्पर्स वीकली’ १८५७ मध्ये. हे लेस्ली मूळचे इंग्लंडचे, आधी लंडनमध्ये चित्रांचं खोदकाम करणारे कारागीर.

आता ही चित्रं व्हायची कशी? बॉक्सवुड या घट्ट, कठीण लाकडाच्या झाडाच्या खोडाचा आडवा काप घ्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, त्यावर चित्र उमटवायचं आणि पांढरं दिसायला हवं तेवढं लाकूड कोरून काढायचं. ठोकळ्याची उंची छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांएवढी, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता येई. साऱ्या सचित्र पत्रकारितेचा पाया हाच. पण बॉक्सवुडचं खोड बारीक, त्यातून मोठा ठोकळा निघत नाही. मग लहान ठोकळे मागून बोल्टने जोडत. रेखाटन झालं की ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांत वाटत. सांध्यावरून जाणाऱ्या रेषा मुख्य कारागीर आधीच कोरून देई, म्हणजे तुकडे पुन्हा जुळवल्यावर रेषा तुटत नसे. मोठं चित्र रातोरात तयार होई ते यामुळे. तुमच्या हातात असा अंक आला तर भिंग घेऊन आकाशाचा भाग पाहा. सांध्याची केसासारखी पांढरी रेघ सापडते. कधी त्या रेघेच्या डावीकडची झाडं नाजूक असतात आणि उजवीकडची ठोकळेबाज. तिथे हात बदललेला आहे. कितीदा पाहिलं तरी मला याचा कंटाळा येत नाही.

लंडनच्या ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकाच्या ४ डिसेंबर १८६९ च्या पहिल्या अंकात ल्यूक फिल्ड्झ यांचं ‘हाउसलेस अँड हंग्री’ हे चित्र आहे. थंडीत रात्रीच्या आसऱ्यासाठी ताटकळणारी गरीब माणसं. सोबत बेघर गरिबांसाठीच्या कायद्यावर लेख होता. लेख नसेल तर ती माणसं कोणत्या दारापुढे उभी आहेत, कशासाठी, हे समजणं कठीण. आता कुणी म्हणेल, चित्रकार व्हॅन गॉगनेही सुटी चित्रंच जमवली की. खरं आहे. १८८३ च्या आरंभी त्याने ‘ग्राफिक’चे एकवीस खंड विकत घेतले, आणि हजाराहून अधिक छापील चित्रं त्याच्यापाशी होती, त्यांतली कितीतरी त्याने जाड कागदावर चिकटवली. पण तो त्यातून रेखाटायला शिकत होता. तेव्हा हे अंक ताजे होते, मुबलक होते. आज एक खंड फोडला की एक खंड कायमचा कमी होतो.

नव्याने संग्रह करणाऱ्यांनी कागद आधी पाहावा. आधीचे अंक चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर आहेत. तो आजही लवचिक असतो. १८७० च्या आसपासपासून लाकडाचा लगदा वाढत गेला, आणि हा कागद पिवळा पडून कडेने तुटतो. म्हणजे नंतरचा अंक अधिक नाजूक! ब्रिटिश अंकावर लाल रंगाचा करशिक्का दिसला तर अंक १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरचा तो सक्तीचा कर उठण्याच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. बांधीव खंडात जाहिरातींची बाहेरची पानं क्वचितच असतात, कारण बांधणी करणारे ती काढून टाकत. ती जागच्या जागी मिळाली तर सोडू नका. चित्र रंगीत असेल तर रंग छपाईचा आहे की नंतर कुणी हाताने भरला, हे भिंगाखाली बघा. दोन पानी चित्र मधल्या घडीवर कापलेलं नाही ना, तेही बघा.

अंक आडवा, सपाट, अंधाऱ्या कोरड्या जागी आम्लरहित कागदात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. एखादं पान नसेल तर वेष्टनावर पेन्सिलीने त्याचा पृष्ठांक लिहून ठेवा. ते सुटं पान दुसऱ्या कुणा संग्राहकाकडे असू शकतं, आणि अशी जुळणी अधूनमधून खरोखर होते.