भिंतीतून सुटलेली पेशी

पडद्यावरचा हा पट्टेरी मासा ओळखीचा वाटतोय ना? झेब्राफिश. मत्स्यालयाच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतात तोच. मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, ओढ्यांत नि भातखाचरांत राहणारा, आता जगभरातल्या लॅबमध्ये टाक्यांवर टाक्या भरून ठेवलेला.

ही त्याची अंडी, मोहरीएवढी, आणि आरपार दिसतात, त्यासाठीच तर एवढे लाड. हे धडधडतंय ते हृदय. पिल्लाचं वय एक दिवस, काल ही एकच पेशी होती.

आता अंगातून लांबच्या लांब गेलेली ही हिरवी नळी बघा, ही महाधमनी, म्हणजे शरीरातली मुख्य रक्तवाहिनी. हिरवी कारण आतल्या अस्तराच्या पेशी लेसरखाली चमकाव्यात म्हणून त्यांच्यात तसा जीन घातलाय. अस्तराची पेशी म्हणजे फरशीच, चपटी, शेजारणींना घट्ट चिकटलेली, रक्त आत धरून ठेवायचं हे तिचं एक मुख्य काम.

तळाची ही एक. हिच्यावरून नजर हलवू नका. वाकतेय... खालच्या बाजूला पोट सुटतंय, फुलका फुगतो ना तसं, कडा आत ओढल्या जातायत, दोन्हीकडच्या शेजारणी पुढे सरकून वरची फट बुजवतायत, आणि ती बघा सुटली! गोल झाली. आता ती अस्तराची पेशी राहिलीच नाही, ती रक्ताची मूळपेशी झालीये, जिच्यापासून पुढे रक्तपेशी बनत राहतात. एकीच्या दोन झाल्या असं वाटेल पण विभाजन झालेलंच नाही, आख्खी पेशीच भिंत सोडून गेली. तुम्ही पाहिलंत ते काही सेकंदांचं, प्रत्यक्षात याला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ कुणीतरी मायक्रोस्कोपपाशी बसलेलं असतं.

अमेरिकन शास्त्रज्ञ फ्लॉरेन्स सॅबिन अशाच बसल्या होत्या, कोंबडीचा जिवंत गर्भ समोर ठेवून. रक्तवाहिनीच्या भिंतीतून रक्तपेशी निघतात हे त्यांनी 1920 मध्ये लिहून ठेवलं, त्यावर वाद मात्र पुढे कित्येक दशकं चालला. मग 2010 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये करीमा किसा आणि फिलिप एर्बोमेल यांनी हेच वाकणं झेब्राफिशमध्ये कॅमेऱ्यात पकडलं, त्याच वर्षी उंदराच्या गर्भातही दिसलं.

आता ही दुसरी क्लिप. या पिल्लात रनक्स-1 नावाचा, रक्ताच्या मूळपेशी बनायला लागणारा जीन बंद केलाय. पेशी वाकते, सुटायला बघते, आणि... फुटली. परत दाखवतो. फुटली. हृदय बंद असलेल्या पिल्लांत तर अशा मूळपेशी फारच कमी बनतात, म्हणजे वाहत्या रक्ताचा रेटाही लागतो.

माणसाच्या गर्भात हे चौथ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी अशा पेशी लॅबमध्ये बनवायचे प्रयत्न चालू आहेत.

आपली पेशी तोवर खालच्या शिरेत शिरलीये, प्रवाहाबरोबर शेपटीकडे निघालीये, तिचे वंशज पुढे मूत्रपिंडात मुक्काम करतील कारण माशाचं रक्त तिथे बनतं.

आणि वर बघा, तिच्या शेजारची पण वाकायला लागली.