घाटकोपर, उभ्याने

(दृश्य : मुलुंड. दोन खोल्यांचं घर. दिवाणाचं झाकण वर होतं.)

बाकीच्यांच्या घरी दिवाण उघडला की गाद्या-रजया निघतात. माझ्या मावशीच्या दिवाणातून अंतराळ निघतं.

जुन्या दिवाळी अंकांतून कापलेल्या विज्ञानकथा. दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवलेल्या, वर खाकी कव्हर. असे एकतीस गठ्ठे. वाचनालयाने काढून टाकलेले अंक, रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेले अंक, आणि शेजारणीकडून 'वाचून देते हं' म्हणून आणलेले. या शेवटच्या प्रकाराबद्दल कॅमेऱ्यासमोर विचारायचं नाही, ही तिची एकमेव अट होती.

(दृश्य : एका कथेचं शेवटचं पान, अगदी जवळून. पेन्सिलीचं अक्षर.)

'भायखळा, खिडकी.' 'कुर्ला, चौथी सीट.' 'घाटकोपर, उभ्याने.'

कथा वाचून कुठे संपली, त्याची ही नोंद. पुढे शेरा : 'पटलं' किंवा 'नाही पटलं'. तिसरा शेरा नाही. चाळीसेक वर्षांचं समीक्षण एवढ्यात उरकलंय.

मी विचारलं, "आवडलं असं का नाही लिहीत गं?"

"आवडायला काय, चहापण आवडतो. एक गोष्ट खोटी धर, माझं काही म्हणणं नाही. पण मग बाकीचं सगळं खरं पाहिजे."

या वेडाचं मूळ भा. रा. भागवतांकडे जातं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या विज्ञान-कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे नुसतं नाव वाचून दहा वर्षांची एक मुलगी वाचनालयाच्या पायऱ्यांवरच बसली. पण तिथे अडकली असती तर इतर मुलांसारखी ती मोठी होऊन सुटलीही असती. तिला नोकरीने सुटू दिलं नाही.

१९७३ साली ती फोर्टातल्या ओव्हरसीज टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. आज ज्यांना लंडनला फुकट व्हिडिओ कॉल लागतो, त्यांच्यासाठी सांगते : तेव्हा परदेशी कॉल बुक करावा लागे. मग फोनजवळ बसून राहायचं. कधी तास, कधी अख्खी दुपार. आणि मग एका बाईचा आवाज येई, "बोला, लंडन लाइनवर आहे." त्या बायांपैकी एक माझी मावशी.

हा आवाज जायचा कसा? मुंबईतून पुण्याजवळ आर्वीला. तिथे १९७१ मध्ये आपलं उपग्रह केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या प्रचंड तबकडीतून वर, विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर. या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो. अशा तीन उपग्रहांनी जवळजवळ सगळं जग जोडता येईल, हे ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात लिहिणारा माणूस होता आर्थर सी. क्लार्क. पुढे विज्ञानकथांसाठी जगाने डोक्यावर घेतला तोच. जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, स्पुटनिक, उडायला तेव्हा बारा वर्षं बाकी होती.

मावशीला हे एका इंग्रजी पुस्तकात सापडलं. हुतात्मा चौकाच्या फुटपाथवरून घासाघीस करून घेतलेलं पुस्तक, वाचलं रात्रपाळीत. हेडफोन कानावर, समोर लाइनचे दिवे, आणि मांडीवर त्याच लाइनची जन्मकथा.

"अंगावर काटा आला बघ. म्हटलं, अगं, आपण याच्या गोष्टीत बसून पगार घेतोय!"

आता खरी गंमत. ३६,००० वर, ३६,००० खाली. प्रकाशाच्या वेगानेही आवाजाला पाव सेकंद लागतो. उत्तर यायला आणखी पाव. ऐकायला काहीच नाही, पण माणसं त्यात अडखळत. आई इकडून विचारी, "जेवलास का?" उत्तर लगेच नाही आलं, म्हणून घाबरून पुन्हा विचारी, "अरे, ऐकू येतंय ना?" आणि तेवढ्यात मुलाचं 'नाही' येऊन दुसऱ्या प्रश्नावर आदळे.

(दृश्य : मावशी हसते. मग हसू ओसरतं.)

"मग ती रडायला लागायची. जेवला नाही म्हणून की ऐकू येत नाही म्हणून, देव जाणे. आणि मिनिटाचे पैसे चाललेत."

याच पाव सेकंदावर तिने आयुष्यातली एकुलती एक कथा लिहिली. एका ऑपरेटरला एका रात्री प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ऐकू येतं. एका दिवाळी अंकाकडे पाठवली. पोस्टकार्ड आलं : 'साभार परत. कल्पना बरी, विज्ञान कमी वाटले.' ते पोस्टकार्ड गठ्ठा क्रमांक नऊमध्ये शिवलेलं आहे. खाली पेन्सिलीने : 'नाही पटलं.'

११ जुलै १९७९ ची रात्र तिला कालच्यासारखी आठवते. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, स्कायलॅब, पडणार होती आणि कुणाच्या डोक्यावर, ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. चाळीत कुणी झोपायला तयार नाही. हिची रात्रपाळी. एक गिऱ्हाईक कॉल बुक करता करता मध्येच म्हणालं, "बाई, तुम्हाला वरचं कळत असेल. पडलं का हो?" आपल्या घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेले आणि ती पडली, काही समुद्रात, काही पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्पेरन्स गावाने पुढे नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोकला. मावशीच्या मते त्या वर्षीची ही सर्वोत्तम विज्ञानकथा.

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर. सकाळचे साडेनऊ. गर्दी.)

आमच्या चित्रीकरणातला एक अख्खा दिवस तिने हट्टाने इथे घालवायला लावला. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा ज्यांनी वाचली असेल, त्यांना कारण कळेल. १४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना गोळी लागली, आणि 'विश्वास पानिपतातच गेला' ही म्हण आपल्या पदरात पडली. नारळीकर म्हणतात, ती गोळी थोडक्यात चुकली असती तर? मग मराठे जिंकतात, आणि गंगाधरपंत पुण्याहून गाडीने येऊन उतरतात ते एका वेगळ्याच मुंबईत. इथे अजून कंपनी सरकार नांदतंय.

"ही समोर महापालिका दिसते ना? पंतांना इथे ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय दिसलं." ती रस्ता ओलांडता ओलांडता सांगते. बसवाला हॉर्न वाजवतो. तिला त्याचं काही नाही.

तिची एक जुनी तक्रार आहे. अठराशे सत्तावन्नचं काही घडलंच नाही, राज्य कंपनीचंच राहिलं, तर कथेत या स्टेशनाला व्हिक्टोरिया राणीचं नाव कसं? यावर एक्सचेंजमधल्या मैत्रिणीशी तिचं दोन वर्षं वाजत होतं. मैत्रीण म्हणे, कंपनी असली तरी लंडनला राणी ती राणीच. मावशीला ते आजही मान्य नाही. मला विचाराल तर मैत्रिणीचं बरोबर आहे, पण मला संध्याकाळी जेवायला त्याच घरी जायचं होतं.

दादाभाई नौरोजी रस्ता, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल. मग टाउन हॉलच्या तीस पायऱ्या. आपली मुंबई कुठे वेगळी झाली, ते शोधायला गंगाधरपंत इथल्याच ग्रंथालयात येतात. मावशी सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात. अर्ध्या पायऱ्यांवर बसली.

"डब्यात लटकताना, रेशनच्या रांगेत, कुठेही. आत्ता हे सगळं असंच का आहे, वेगळं का नाही, असं मनात आलं की मला बरं वाटतं. तुझ्या काकांना वाटायचं मी संसारात नाखूश आहे."

थोडं थांबून, "तेवढी नव्हते."

भक्त असली तरी आंधळी नाही. मराठी विज्ञानकथेतले प्राध्यापक तिला मुळीच सहन होत नाहीत. "'म्हणजे काय, सर?' असं कुणी विचारलं की समजायचं, आता दोन पानं फळा." आणि दुसरं : "तेविसाव्या शतकातल्या यानातसुद्धा चहा बाईच आणते. पेन्सिल मोडलीय माझी तिथे."

नारळीकरांना मात्र सगळं माफ, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असल्यापासून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर नको, म्हणून आद्याक्षरं उलटी केलेली : ज. वि. ना. चं ना. वि. ज. पहिलं बक्षीस मिळालं. कुलाब्यात ते आणि फोर्टात ही, मधे फारतर पंधरावीस मिनिटांची बस. कधी भेटायला गेली नाही. "जाऊन काय बोलणार? चांगलं लिहिता म्हणून?"

२० मे २०२५ ला ते गेले. त्या दिवशी तिने 'कृष्णविवर' पुन्हा काढली. तिथल्या जुन्या 'दादर, उभ्याने'च्या खाली नवी नोंद आहे : 'घरी.'

(दृश्य : परतीची लोकल. लेडीज डबा.)

खिडकी मिळालीय. पर्समधून या वर्षीचा दिवाळी अंक निघतो. विक्रोळी जाते. कांजूर, भांडुप. दीड पान बाकी. मुलुंडला ती अंकात बोट घालूनच उतरते, आणि जिन्याकडे न जाता प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसते. आम्ही कॅमेरा घेऊन उभे. ती हातानेच खूण करते, थांबा.

दोन गाड्या जातात.

मग पेन्सिल निघते. 'मुलुंड, बाकावर.' जरा विचार करते.

'नाही पटलं.'