पेन्सिलीची रेघ

(दृश्य : नौपाडा, ठाणे. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सरकवलेली. रात्रीचे साडेनऊ.)

एकांकिका स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई दारात पिऊन पडलेल्या नवऱ्याला शिवी घालते, असा प्रसंग. मुलगी शिवी देते आणि वर्ग गप्प होतो. दिग्दर्शक म्हणतो, "'मेल्या' करून बघ गं." ती करून बघते. मागे बसलेली पोरं हसतात. जिथं काळीज हलायला हवं, तिथं हशा.

तरी वहीत 'मेल्या'च राहतं. संहिता अजून परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आपल्या भाषेत सेन्सॉरला, गेलेलीही नाही. कुणी काही कापायला सांगितलेलं नाही. पेन्सिल यांचीच.

(दृश्य : जुना रेडिओ.)

१९७३. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओनं भरदुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं एक स्वगत लावलं. विषयच होता, रेडिओवर न चालणारे शब्द. मुलाला घेऊन गाडीतून निघालेल्या एका वडिलांनी तक्रार केली. त्यांची काळजी खोटी नव्हती. रेडिओ-टीव्हीला परवाने देणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं एका डॉलरचाही दंड केला नाही, फक्त निर्णयाचा कागद स्टेशनच्या परवान्याच्या फायलीला लावला. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी कमिशन जिंकलं. त्याच वर्षी आपल्या तलावपाळीवर गडकरी रंगायतन उभं राहिलं.

परवान्यावर ज्याचं पोट आहे, त्याला तेवढा कागद पुरतो.

२००४ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात गायिकेची छाती उघडी पडली, त्या एका क्षणासाठी सीबीएस या टीव्ही कंपनीच्या स्टेशनांना साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. त्याच नोव्हेंबरात एबीसी या दुसऱ्या टीव्ही कंपनीनं 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' न कापता दाखवायचं ठरवलं. युद्धाचा सिनेमा, मरणाच्या दारातल्या सैनिकांच्या तोंडी शिव्या. २००१ आणि २००२ मध्ये तो असाच दाखवला होता. या वेळी ६६ स्टेशनांनी लावलाच नाही. पुढच्या फेब्रुवारीत कमिशन म्हणालं, यात अश्लील काही नाही. तोवर ती रात्र निघून गेली होती.

त्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं एक विधेयक मंजूर केलं. कलाकाराला स्वतःला होऊ शकणारा दंड ११ हजारांवरून ५ लाख डॉलर! २००६ च्या कायद्यात ते कलम आलं नाही. स्टेशनांची कमाल रक्कम मात्र ३२,५०० वरून ३,२५,००० झाली. न आलेलं ते कलम माझ्या डोक्यातून जात नाही. कंपनी वकील लावते, वर्षानुवर्षं भांडते. सुपर बोलचा दंड कोर्टात टिकला नाहीच. माइकसमोर एकटा उभा राहणारा माणूस कुणाच्या जोरावर भांडेल?

आपल्याकडे 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याचा अभिमान आहेच. पण तिथं बंदी घालणारं कुणीतरी समोर होतं. इथं दाद कुणाविरुद्ध मागायची?

(दृश्य : वहीचं पान, अगदी जवळून.)

शिवीवर आडवी रेघ, वर बारीक अक्षरात 'मेल्या'. रेघेखालचा शब्द अजून वाचता येतो. पावणेअकरा झालेत, शिपाईकाका दारात किल्ल्या वाजवतायत. मुलगी चपला घालता घालता ते वाक्य पुन्हा म्हणते. मूळचं.