भंगारातून परत आलेली २१३ इंजिनं

[पडद्यावर: गंजलेल्या इंजिनांची लांबच लांब रांग]

नमस्कार मंडळी. हा फोटो जरा थांबून बघा. वाफेची इंजिनं, गंजून तांबडी पडलेली, नजर पोचेल तिथवर एकामागे एक. चाकांच्या आऱ्यांमधून गवत वर आलंय. ही जागा आहे ब्रिटनमध्ये, साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर. गावाचं नाव बॅरी. तिथे वुडहॅम ब्रदर्स नावाचं भंगाराचं यार्ड होतं. या यार्डाने तोडायला म्हणून ब्रिटिश रेल्वेकडून एकूण २९७ इंजिनं विकत घेतली होती. त्यातली २१३ इंजिनं लोकांनी तिथून सोडवून नेली.

भंगाराच्या दारात गेलेली वस्तू सहसा परत येत नाही. इथे ती दोनशेहून जास्त वेळा आली. हे कसं झालं ते आज बघू, आणि त्यातल्या एका इंजिनाची गोष्ट मी सविस्तर सांगणार आहे, कारण ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५५ मध्ये ब्रिटिश रेल्वेने आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली. वाफ जाणार, डिझेल आणि वीज येणार. त्यानंतर जो सपाटा सुरू झाला त्यात हजारो इंजिनं मोडीत निघाली, आणि ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गावरची वाफेची शेवटची गाडी धावली. म्हणजे जेमतेम तेरा वर्षांत सगळं संपलं. यातली सगळी इंजिनं म्हातारी होती असंही नाही. ९२२४० नंबरचं इंजिन १९५८ मध्ये बांधलं आणि १९६५ मध्ये काढून टाकलं. सात वर्षं! आपल्याकडे पाण्याचा पंपसुद्धा याहून जास्त वर्षं चालवतात.

इतकी इंजिनं रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांत तोडून होईनात, म्हणून ती खासगी भंगारवाल्यांना विकायला काढली. बॅरीचे डाय वुडहॅम त्यांच्यातलेच एक. इंजिन कसं तोडायचं हे शिकायला ते मुद्दाम स्विंडनच्या कारखान्यात जाऊन आले, आणि १९५९ मध्ये त्यांच्या यार्डात पहिली इंजिनं आली. ती त्यांनी तोडलीही. बॅरी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर जगातलं सगळ्यात मोठं कोळसा निर्यात करणारं बंदर. पुढे कोळशाचा व्यापार बसला आणि गोदीतले रूळ रिकामे झाले. त्याच रिकाम्या रुळांवर वुडहॅम यांनी इंजिनं उभी केली.

आता खरा मुद्दा. इंजिनांसोबत मालगाडीचे डबेही भंगारात येत होते, हजारोंनी. डबा तोडणं सोपं. लाकूड, पत्रा, चाकं, गॅस कटर फिरवला की झालं. इंजिनाचं तसं नाही. त्यात तांबं वेगळं, पितळ वेगळं, बीड वेगळं, पोलाद वेगळं, आणि हे सगळं एकमेकांत रिव्हेट मारून बसवलेलं. वेळ खूप जातो. मग वुडहॅम यांनी ठरवलं, आधी डबे उरकू. इंजिनं काय, उभीच आहेत, काम कमी पडेल तेव्हा घेऊ.

आणि डबे काही संपले नाहीत! वर्षामागून वर्षं डबे येत राहिले, माणसांच्या हाताला काम मिळत राहिलं, आणि इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तशीच उभी राहिली. बाकीच्या यार्डांमध्ये आलेलं इंजिन काही आठवड्यांत कापून भट्टीत जायचं. इथे 'उद्या बघू' म्हणता म्हणता वीस-वीस वर्षं गेली.

मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. इंजिन वाचवायला पैसा लागतो, कारागिरी लागते, जागा लागते, पण सगळ्यात आधी लागतो वेळ. शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, कॉलेजातली पोरं, यांनी दर महिन्याला पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून इंजिन विकत घ्यायचं म्हटलं तर किती वर्षं लागतील? ती वर्षं त्यांना बॅरीने दिली.

पहिलं इंजिन सुटलं सप्टेंबर १९६८ मध्ये. नंबर ४३९२४, मालगाड्या ओढणारं एक साधं इंजिन, कुणी त्याच्यावर फार जीव टाकावा असं नव्हे. ते यॉर्कशायरच्या किथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेकडे गेलं. ही रेल्वे हौशी माणसं चालवतात. ते बाहेर पडल्यावर लोकांना कळलं की हे जमण्यासारखं आहे. मग गटामागून गट यायला लागले. शनिवार-रविवारी डबा बांधून यायचं, 'आपल्या' इंजिनाच्या सांध्यांना तेल-ग्रीस चोळायचं, कुठला भाग शाबूत आहे आणि कुठला चोरीला गेलाय त्याची यादी करायची, आणि अंगावर रंगाने लिहून ठेवायचं: राखीव, तोडू नये. वुडहॅम यांनीही ते जपलं. एखादा गट पैसे जमवतोय म्हटलं की ते थांबत.

हे सगळं सुखरूप होतं असं मात्र समजू नका. १९८० मध्ये एकदा डब्यांचा ओघ आटला आणि त्या उन्हाळ्यात दोन इंजिनं कापली गेली, ४१५६ आणि ९२०८५. पहिलं इंजिन सुटल्याला बारा वर्षं झाली होती, तरी कटर पेटला. बाकीच्या गटांनी मग धावपळ केली.

बरं, इंजिन विकत घेतलं. पुढे काय?

[पडद्यावर: बॉयलरचा उभा छेद, हाताने काढलेली आकृती]

पुढे बॉयलर. हे समजायला आपल्याकडच्या बंबापासून सुरुवात करू. पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता त्यांना लगेच कळेल. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायची जागा. वाफेचं इंजिन म्हणजे आडवा केलेला, प्रचंड मोठा बंब. फरक असा की इथे एका नळीऐवजी शेकडो नळ्या आहेत. भट्टीतला जाळ त्या नळ्यांमधून पुढे जातो आणि नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं.

भट्टी म्हणजे पेटीत पेटी. आतली पेटी अनेक ब्रिटिश इंजिनांत तांब्याची असते, बाहेरची पोलादाची, आणि दोघींच्या मध्ये काही इंचांच्या फटीत पाणी. वाफेचा दाब या दोन पत्र्यांना एकमेकांपासून लांब ढकलत असतो. त्यांना धरून ठेवायला आरपार पिना असतात. मोठ्या इंजिनात अशा पिना हजाराच्या वर जातात! यातली एखादी आत मोडली असेल तर बाहेरून दिसत नाही. मग कारागीर काय करतो? हातोडी घेऊन एकेका पिनेवर टकटक करतो. चांगली पिन खणखणीत वाजते, मोडलेली बद्द वाजते. घाटाआधी स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोड्याने चाकं ठोकत जाणारा रेल्वेचा माणूस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तीच ही विद्या, कानाने लोखंड तपासायची.

बॅरीतल्या बॉयलरांच्या नळ्या गंजून गेलेल्या असायच्या. त्या सगळ्या कापून काढायच्या, नव्या घालायच्या. वरचं जुनं ॲस्बेस्टॉसचं आवरण काढायचं. ते फुप्फुसाला घातक, म्हणून ते काम वेगळं आणि जपून. मग चाचणी. आणि ही चाचणी आधी वाफेने करत नाहीत, थंड पाण्याने करतात. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा आणि पंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा. पाणीच का? कारण पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. पत्रा फाटला तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब तिथल्या तिथे उतरतो. वाफेने किंवा हवेने तीच चाचणी केली आणि पत्रा फाटला, तर तो बॉम्ब आहे. पाण्यात पास झालं की मगच जाळ घालायचा.

आता ते एक इंजिन.

[पडद्यावर: ७१००० चा यार्डातला फोटो]

नंबर ७१०००, नाव ड्यूक ऑफ ग्लॉस्टर. ८ ऑक्टोबर १९५२ ला लंडनजवळ हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनात तीन गाड्यांचा भीषण अपघात झाला. ११२ माणसं गेली. त्यात प्रिन्सेस ॲन नावाचं एक मोठं इंजिन निकामी झालं. त्याच्या जागी नवीन बांधायला परवानगी मिळाली, आणि १९५४ मध्ये क्रू गावातल्या रेल्वे कारखान्यातून हा ड्यूक बाहेर पडला. या नमुन्याचं एकच इंजिन बांधलं गेलं, जोडीदार कुणी नाही. तीन सिलिंडर, आणि सिलिंडरमध्ये वाफ सोडायला कॅप्रोटी पद्धतीच्या झडपा, म्हणजे मोटारीच्या इंजिनासारख्या, फिरत्या कॅमवर उघडणाऱ्या.

कागदावर उत्तम. रुळावर मात्र चालकांची तक्रार सुरू झाली. कोळसा फार खातंय आणि वाफ नीट धरत नाहीये. आठ वर्षांत, १९६२ मध्ये, ते सेवेतून काढलं. आधी ते राष्ट्रीय संग्रहासाठी जपायचा विचार होता. नंतर ठरलं की त्याचे सिलिंडर आणि झडपा तेवढ्या महत्त्वाच्या. मग बाहेरचा सिलिंडर कापून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवला आणि उरलेलं इंजिन भंगारात. दुसऱ्या बाजूचा सिलिंडरही गेला. बॅरीला उभा होता तो बाजूंचे दोन्ही सिलिंडर नसलेला सांगाडा. ज्यांना इंजिनांमधलं कळतं तेही म्हणत होते की याचं काही होणं नाही.

आणि तरी एका गटाने पैसे जमवून तो घेतला. १९७४ मध्ये ड्यूक बॅरीतून निघाला आणि लफबरोच्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर आला. नवे सिलिंडर ओतून घेतले. झडपांची सगळी यंत्रणा नव्याने बनवली. बारा-तेरा वर्षं लागली.

हे करताना त्यांना जे सापडलं ते ऐका. मूळ नकाशे समोर ठेवून एकेक माप ताडून बघताना लक्षात आलं की भट्टीला खालून हवा देणारी दारं नकाशापेक्षा लहान बांधली गेली होती. आणि धुराडंही एवढ्या मोठ्या इंजिनाला अरुंद होतं.

पुन्हा बंब आठवा. खाली राख साचून जाळी तुंबली की कितीही लाकडं घाला, नुसता धूर होतो, पाणी कोमटच राहतं. इंजिनात भट्टीला हवा ओढली जाते ती सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेमुळे. वापरलेली वाफ धुराड्यातून वर झेपावते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून घेते. झुक झुक आवाज येतो तो याचाच. वर धुराडं अरुंद, खाली हवेची दारं लहान. बिचाऱ्याला श्वासच पुरत नव्हता! आणि बोल लागला तो सगळ्या रचनेला. या लोकांनी दारं मापाची केली, पुढे दुहेरी झोताचं सुधारित धुराडंही बसवलं. १९८६ मध्ये ड्यूक पुन्हा वाफेवर उभा राहिला, आणि नंतर मुख्य मार्गावर त्याने जी ताकद दाखवली ती रेल्वेत असताना कधीच दाखवली नव्हती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून फेऱ्या मारल्या होत्या. तो सांगाडा तेव्हाच कापला असता, तर 'फसलेलं इंजिन' म्हणूनच त्याची नोंद राहिली असती आणि खरं कारण कुणाला कळलंच नसतं.

बॅरीतल्या सगळ्याच इंजिनांना पूर्वीचं रूप मिळालं असंही नाही. मेंडी हॉल नावाचं एक इंजिन होतं. त्याच्यापासून, सेंट नावाच्या ज्या जुन्या वर्गातलं एकही इंजिन उरलं नव्हतं त्या वर्गाचं इंजिन घडवलं, लेडी ऑफ लेजंड. डिडकॉटला २०१९ मध्ये ते सुरू झालं. काहींना हे पटत नाही, एक मोडून दुसरं का करायचं म्हणतात. मला विचाराल तर मेंडी हॉलची भावंडं बरीच शिल्लक आहेत, सेंटचं एकही नव्हतं, त्यामुळे केलं ते बरोबर केलं.

आपल्याकडचंही सांगतो. माथेरानच्या छोट्या गाडीची जर्मन बनावटीची चार इंजिनं होती, ७३८ ते ७४१. त्यातलं ७४० इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेपर्यंत पोचलं. आणि विदर्भातल्या प्रेक्षकांना शकुंतला सांगायला नको. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या त्या गाडीला १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं. त्या गाडीचा जुना फोटो कुणाच्या घरी असेल तर खाली नक्की सांगा, मला तो बघायचाय.

बॅरीतून शेवटचं इंजिन निघालं जानेवारी १९९० मध्ये. नंबर ५५५३, १९२८ साली स्विंडनला बांधलेलं, ब्रांच लाईनवरच्या गाड्या ओढणारं छोटं इंजिन. पाव शतकाहून जास्त काळ ते तिथे उभं होतं, शेजारची एकेक जाताना. पुढे तेही वाफेवर चाललं. डाय वुडहॅम १९९४ मध्ये वारले, म्हणजे आपलं यार्ड रिकामं झालेलं त्यांनी पाहिलं.