उजेडात बघा, ताई

(नाशिकचा मेन रोड, सकाळचे अकरा. दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं.)

हे मेन रोडवरचं एक मॅचिंग सेंटर. रुंदीला जेमतेम आठ फूट, पण खालपासून छतापर्यंत टू बाय टू रुबियाच्या, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाच्या, घड्याच घड्या. एकटे लाल मोजायला बसलात तरी चहा गार होईल. डाळिंबी, कुंकू, विटकरी, शेंदरी, गाजरी, आणि ज्याला इथं सगळे नुसतं 'राणी' म्हणतात तो.

काउंटरपाशी एका ताईंनी पिशवीतून आमसुली रेशमी साडी काढली. काकांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि मागे न वळता हात वर घालून तीन घड्या खाली टाकल्या. तिन्ही आमसुली, तिन्ही साडीशी जुळणाऱ्या. निदान ट्यूबलाइटखाली तरी.

"ताई, उजेडात बघा."

ताई साडी आणि पीस घेऊन पायरी उतरल्या. उन्हात गेल्याबरोबर तिन्हीतला एक पीस चक्क चॉकलेटी निघाला.

(उन्हात धरलेली साडी. तिच्यावर तीन घड्या.)

यात डोळ्यांची चूक नाही. रेशमावर चढवलेला रंग वेगळा आणि सुतावर चढवलेला वेगळा. एका दिव्याखाली ते जुळे भाऊ वाटतात, दिवा बदलला की दोघांची तोंडं दोन दिशांना. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. काकांना हा शब्द भेटला असेल-नसेल, पण शिवून झालेला ब्लाउज घेऊन परत आलेलं गिऱ्हाईक त्यांना नक्की भेटलेलं आहे.

मी फॅशन डिझाइन शिकले ते याच शहरात. पहिल्या आठवड्यात आमच्यापुढे काय आलं? पोस्टर कलरच्या बाटल्या आणि बारा घरांचं रंगचक्र. लाल, पिवळा, निळा हे तीन मूळचे. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा, जांभळा. मग उरलेल्या सहा घरांत मधल्या छटा. जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटन यांनी बारा घरांचं चक्र मांडलं होतं, तेच जगभरच्या वर्गांत अजून फिरतं आहे.

माझ्या जांभळ्याच्या घरात चिखल झाला. चार वेळा. मी निळ्यात मिसळत होते तो लाल शेंदराकडे झुकणारा होता, म्हणजे त्याच्या पोटात पिवळा आधीच बसलेला. तिन्ही मूळ रंग एका वाटीत आले की चिखल ठरलेलाच. पाचव्या वेळी राणीकडे झुकणारा लाल घेतला आणि वांग्यासारखा लख्ख जांभळा उतरला. 'लाल' म्हणून एकच रंग नसतो हे त्या वाटीनं शिकवलं. मॅचिंगवाल्या काकांची भिंत ते रोज सांगत होती, आमचंच लक्ष नव्हतं.

(चक्रावर फिरणारी पट्टी.)

आता कलर स्कीम. एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा घेतल्या तर मोनोक्रोमॅटिक. चक्रावर शेजारी-शेजारी बसणारे घेतले तर ॲनालॉगस. अगदी समोरासमोरचे घेतले की कॉम्प्लिमेंटरी, आणि सारख्या अंतरावरचे तीन म्हणजे ट्रायड. पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. वापरता येईपर्यंत माझं एक अख्खं सेमिस्टर गेलं.

कॉम्प्लिमेंटरीच्या प्रोजेक्टला मी कुर्ता शिवला. डावी बाजू लाल, उजवी हिरवी, शिवण बरोबर मधोमध. चक्रावर पट्टी ठेवून निवडलेले रंग होते, नियमाला धरून. मॅडमनी हँगर हातात घेतला, लांब धरला आणि विचारलं, "यात बोलतंय कोण गं?" मी गप्प. "दोघं एकदम ओरडतायत." घरी आईनं त्याहून कमी शब्दांत निकाल लावला. म्हणाली, "सिग्नल झालाय."

चिडून मी आजीची पेटी उघडली. वरच होती हिरवी नऊवारी, लाल काठाची. तोच हिरवा, तोच लाल. आणि भांडणाचं नाव नाही.

(काठावर ठेवलेली चार बोटं.)

काठ चार बोटांचा. बाकी सगळा हिरवा. लाल थोडाच आहे म्हणून तो हिरव्याला उठाव देतो. निम्मा वाटा मागितला असता तर दोघंही बेरंग झाले असते. चक्र कुणाशी कुणाची जोडी ते सांगतं, कुणाला किती वाटा द्यायचा हे सांगत नाही. माझ्या मते रंग शिकवताना पहिल्या दिवशी चक्राऐवजी काठाची साडी मांडावी, पण अभ्यासक्रम मी ठरवत नाही.

त्या कुर्त्यात आणखी एक गोची होती, ती मोबाइलनं दाखवली. फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला, तर दोन्ही बाजू जवळपास एकाच राखाडीच्या. रंग वेगळे, पण गडदपणा सारखा. कपड्याचा घाट लांबून कळतो तो बराचसा या गडद-फिक्याच्या फरकानं. तेव्हापासून कुठलीही जोडी ठरवायच्या आधी मी तिचा रंग काढून टाकलेला फोटो बघते.

(येवला. हातमागाचा आवाज.)

नाशिकपासून येवला साधारण ८० किलोमीटर. मागावर पैठणी लागली आहे. उभे धागे म्हणजे ताणा एका रंगाचा, आडवे म्हणजे बाणा दुसऱ्या. यालाच धूपछांव म्हणायचं. निळ्यात हिरवा टाकला की मोरपिशी झळाळी येते, कारण दोघं चक्रावर शेजारी आहेत. लाल ताण्यात हिरवा बाणा टाकला तर सपाट पसरलेल्या कापडावर धागे इतके बारीक, की डोळा ते एकत्र करून तपकिरीकडे नेतो. पण चुणी पडू द्या. एका बाजूनं लाल चमकतो, दुसरीकडून हिरवा. म्हणून इथला माणूस गिऱ्हाइकाला साडी सपाट दाखवतच नाही. मनगटावर घेतो आणि हलवतो.

पदराकडे बघा. जमीन जरीची आणि तिच्यावर रेशमी मोर. मोराच्या कडेनं गडद धाग्याची रेघ आहे. ती काढली तर पोपटी आणि सोनेरी एकमेकांत सांडतील.

(काळी साडी, लाल काठ.)

आणि ही काळी चंद्रकळा, संक्रांतीची. काळा तर काळाच, त्याला शेजारी कोण आहे याचा काय फरक पडतो? पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातल्या लोकांनाही तसंच वाटत होतं. तिथं भिंतीवर लावायची चित्रं विणली जात. १८२४ मध्ये मिशेल शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले, तेव्हा तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा मळकट दिसतो. त्यांनी काळी लोकर तपासली. रंगात खोट निघाली नाही. खोट शेजाऱ्यात होती. निळ्याला लागून बसलेल्या काळ्यावर चक्रावर समोर बसणाऱ्या नारिंगीची झाक चढते, आणि काळा उतरल्यासारखा वाटतो. यावर त्यांनी १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला.

पटत नसेल तर करून बघा. या गोलाकडे एकटक बघत राहा.

(पडद्यावर लाल गोल. तीस सेकंद शांतता. मग कोरा पांढरा पडदा.)

आत्ता दिसला तो हिरवट गोल आमच्या कॅमेऱ्यात नाही. तुमच्या डोळ्यात आहे.

(रंगपंचमी, जुनं नाशिक.)

मिश्रणाचा धडा मात्र नाशकात भर चौकात मिळतो. धुळवडीला इथं फारशी गडबड नसते, खरा दंगा रंगपंचमीचा. जुन्या गल्ल्यांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, रहाडी. वर्षभर बुजवलेल्या, पंचमीला उघडायच्या. त्या पेशवाईपासूनच्या आहेत असं इथं सांगतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पांढरा सदरा घालून एका पोरानं पिवळ्या रहाडीत धप्पा मारला आणि तसाच ओला धावत गुलाबी रहाडीकडे गेला. संध्याकाळी त्याचा सदरा बघा. बाह्या पिवळ्या राहिल्यात, अंग नारिंगी झालंय, आणि कॉलरचा रंग कुठल्याच चक्रावर सापडणार नाही.

(पुन्हा मेन रोड.)

ताई अजून पायरीवरच आहेत. जुळणारे दोन्ही पीस त्यांनी बाजूला ठेवले आणि काकांना वेगळंच विचारलं. "मॅचिंग नको. हिच्यावर उठून दिसेल असं काय आहे?" काकांनी क्षणभर साडीकडे बघितलं आणि वरून तिसऱ्या फळीवरची मेहंदी रंगाची घडी ओढली.

"एक मीटर कापू?"

"थांबा. उजेडात बघते."