वाफसा

(दृश्य: चिखलाने माखलेली मूठ, अगदी जवळून.)

मूठभर माती उचलायची. दाबायची. मूठ उघडायची आणि झालेल्या गोळ्यावर अंगठा टेकवायचा. गोळा फुटून भुगा झाला, तर वाफसा आलाय, म्हणजे माती खणण्याजोगी झालीय, कुदळ घ्या. अंगठा रुतून चकचकीत ठसा उमटला, तर आज वाफ्याला हात लावायचा नाही.

भाजी पिकवायला शिकवणाऱ्या वर्गातला पहिल्या दिवसाचा धडा एवढाच. तो फारसा कुणाला रुचत नाही. लोक सुट्टी काढून, नवं कोरं खुरपं घेऊन आलेले असतात आणि शिकवणाऱ्या बाई म्हणतात, “माती ओली आहे. बसा, बिया निवडू.” ओल्या मातीवर पाय पडला की कणांमधली हवेची जागा दबते. मग वाळल्यावर ढेकळं दगडासारखी, आणि मुळांना वाट नाही.

(दृश्य: जमिनीचे आखलेले तुकडे, मधून पायवाटा.)

यातला एकही तुकडा शिकणाऱ्यांच्या मालकीचा नाही. सगळे भाड्याने घेतलेले. ब्रिटनमध्ये अशा तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथे १९०८ च्या कायद्याने, लोकांची मागणी असेल तर असे तुकडे पुरवणं हे स्थानिक प्रशासनाचं काम ठरवलं. तिथला जुना, पूर्ण मापाचा तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा. नवख्याने एवढ्याचा हव्यास धरू नये. त्याच्या पाव भागातलं तणसुद्धा कंबर मोडतं.

बी किती खोल पेरायचं? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. वालाचं बी बोटाच्या पेराएवढं आत, मुळ्याचं त्याच्या निम्मं. पट्टी लागत नाही, बोट पुरतं. पाणी द्यायचं की नाही, हेही बोटच सांगतं: वरची माती कोरडी दिसली तरी दोन पेरं खाली ओल लागली, तर झारी खाली ठेवा.

(दृश्य: मुळ्याची दाट उगवलेली ओळ.)

खरी परीक्षा विरळणीची. आठवड्याभरात उगवलेली तुकतुकीत रोपं, आणि दर दोन बोटांवर एक ठेवून बाकीची उपटायची. एक काका ओळीसमोर उकिडवे बसले, ते बसलेच.

“चांगली आहेत हो सगळी.”

“म्हणूनच आत्ता काढायची, काका.”

काकांनी चार रोपं उपटली, बाकीची राखली. बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, शिकवण्यातला सगळ्यांत अवघड भाग तोच असावा.

(दृश्य: वालाची मुळं.)

फुलावर आलेलं वालाचं एक रोप बाई मुद्दाम उपटतात. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. एक गाठ नखाने चिरली की आत गुलाबी. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नायट्रोजन झाडासाठी बांधून ठेवतायत. ती गाठ हातोहात फिरते. कुणी वास घेतं, कुणी मोबाइलवर फोटो काढतं.

(दृश्य: पुन्हा मुळ्याची ओळ, महिन्याभरानंतर.)

शेजारच्या ओळीत लालबुंद, गोल मुळे. काकांच्या ओळीत पाला भरघोस, खाली मात्र दोऱ्यासारखी मुळं, एकमेकांत गुंतलेली. काका खो खो हसले आणि लगेच नवं बी पेरायला घेतलं.

या वेळी विरळणीला ते सगळ्यांच्या आधी हजर. उपटलेली रोपं मात्र त्यांनी फेकू दिली नाहीत. नळाखाली धुतली, तिथेच उभ्याने चावून खाल्ली.

“तिखट आहेत,” म्हणाले, आणि आणखी दोन उपटली.