कोड सेन्सरचा, दोष तारेचा

मंडळी, विषय आहे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली हे व्होल्टेजने कळवणारा सेन्सर, खराब आहे हे ओळखायचं कसं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवरही बोलायचंय, पण आधी मनातली तक्रार. गाडीला स्कॅनर लावला, पी ०१२२ हा दोषाचा कोड दिसला, की लगेच सेन्सर बदलायचा! अहो, तो कोड एवढंच म्हणतो की सिग्नलचं व्होल्टेज कमी येतंय. ५ व्होल्टचा पुरवठा तुटला, सिग्नलची तार तुटली, पिनवर हिरवा गंज चढला, तरी बहुतेक गाड्यांत हाच कोड येतो. पी ०१२३ याच्या उलट. अर्थची (अर्थिंगची) तार तुटली की ठणठणीत सेन्सरचा सिग्नलही ५ व्होल्टकडे चढतो. मग नवा सेन्सर बसवला तरी कोड जागच्या जागी. किती जणांनी असे चांगले सेन्सर फेकलेत, हात वर करा म्हणत नाही.

आता साध्या, केबलच्या थ्रॉटलवरचा तीन तारांचा सेन्सर घ्या. चावी ऑन, इंजिन बंद, कनेक्टर जोडलेलाच. बारीक पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने घाला. तारेचं आवरण टोचू नका, तिथून पाणी शिरतं आणि तांबं सडतं. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला. पुरवठ्याच्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास हवेत, अर्थच्या तारेवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी. सिग्नल थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५ ते ०.९, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५. नेमके आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

दोन्ही टोकं बरोबर आली म्हणून सेन्सर पास करू नका. आतली कार्बनची पट्टी सुरुवातीच्या पाव भागात जास्त झिजते, कारण पाय बहुतेक वेळ तिथेच असतो. थ्रॉटल अगदी सावकाश, दहा सेकंद घेऊन उघडा. साधा डिजिटल मीटर क्षणाची तूट पकडत नाही. काट्याचा मीटर किंवा ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेघ काढून दाखवणारं यंत्र, घ्या. रेघ छान चढत असते, मधेच सरळ खाली कोसळते, पुन्हा वर. त्या क्षणी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पाय उचलला, आणि गाडी झटका देते. रेघ सलग असेल तर वायरिंग हलवून बघा, सेन्सर हेअर ड्रायरने तापवून बघा. काही सेन्सर गरम झाल्यावरच बिघडतात.

वेळ संपत आली, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल भरभर सांगतो. तिथे झडप केबलने नाही, मोटरने हलते, आणि सेन्सरचे दोन सिग्नल असतात. बऱ्याच गाड्यांत एक चढतो तसा दुसरा उतरतो आणि बेरीज ५ च्या जवळ राहते. काहींत दोन्ही चढतात, पण वेगळ्या प्रमाणात. मेळ बसला नाही की पी २१३५. पी २१३८ मात्र पेडलच्या सेन्सरचा, तेव्हा थ्रॉटल बॉडी, म्हणजे झडपेचं घर, उघडू नका. चावी ऑन असताना झडपेत बोट तर अजिबात घालू नका, मोटर ती जोरात मिटवते. अनेक मॉडेलमध्ये सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. म्हणून खर्चाआधी अर्थ आणि पिना तपासाच. बदलल्यावर स्कॅनरने आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालायचा वेग, ईसीयूला पुन्हा शिकवा, नाहीतर आयडलिंग वरखाली होईल आणि दोष नव्या भागावर जाईल.